जिवंत जनावराचा डॉक्टर आपल्या वस्तीत कधी येणार?

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आले की घाटाखालचा मुलूख सुरू होतो. याच मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव दोन लढायांसाठी येते. पहिली १४३७ सालची, बहामनी आणि खानदेशच्या फौजांमधली. दुसरी सोळाव्या शतकाच्या अखेरची, अहमदनगरच्या गादीसाठी झालेली. राजांच्या लढाईत हत्ती मोजतात, घोडे मोजतात. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या दारात किती बकऱ्या होत्या, हे मात्र कोणत्याच राज्यात कोणी मोजत नाही. आज मला त्या बकऱ्यांविषयीच लिहायचे आहे.

मी पशुवैद्यक आहे. काही वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा रोहिणखेडच्या आपल्या वस्तीतून सकाळीच निरोप आला. मी पोहोचलो तोपर्यंत एका घरासमोर दोन पिल्ले आणि एक गाभण बकरी मरून पडली होती. दुसरी बकरी पाय झाडत होती, तीही माझ्या डोळ्यांदेखत गेली. आदल्या संध्याकाळी याच बकऱ्या बांधावरचा कोवळा हिरवा चारा खाऊन धडधाकट परतल्या होत्या. घरची बाई रडत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "डाक्टरसाहेब, ह्या बकऱ्या नाही होय गेल्या, माह्या पोरीची फी गेली."

मुलीला कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. बकऱ्या विकून तो होणार होता. त्या वर्षी तो झाला नाही.

रोगाचे नाव आंत्रविषार. पावसाळ्याच्या तोंडी कोवळा चारा अधाशासारखा खाल्ला की आतड्यातले जंतू झपाट्याने वाढतात, त्यांचे विष रक्तात भिनते आणि जनावर काही तासांत मरते. एकदा लक्षणे दिसली की डॉक्टरच्या हातात फारसे काही उरत नाही. पण या रोगाची लस आहे. ती पावसाळ्यापूर्वी द्यायची असते, पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यायची असते, आणि एका मात्रेची किंमत एका चहापेक्षा जास्त नाही. म्हणजे त्या मुलीचे एक वर्ष एका चहाच्या पैशापायी वाया गेले. हा दैवाचा खेळ नाही. ही व्यवस्था आहे आणि ती बदलता येते.

शहरातल्या वाचकाला वाटेल, बकरीसारख्या विषयावर चळवळीच्या दैनिकात लेख कशाला? त्यांनी जरा आपल्या खेड्यातल्या नातेवाइकांच्या घरात डोकावून पाहावे. सातबाऱ्यावर नाव नाही. बँकेत जायचे तर तारण नाही. अडीअडचणीला विकता येईल अशी एकच वस्तू दारात बांधलेली असते, ती म्हणजे बकरी. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात होत्या. यांतल्या बहुसंख्य शेळ्या मोठ्या बागायतदाराच्या गोठ्यात नाहीत. त्या भूमिहीन, अल्पभूधारक आणि मजूर बायकांच्या दारात आहेत. दवाखान्याचा खर्च, लेकीचे बाळंतपण, परीक्षेची फी, सावकाराचा तगादा, या सगळ्यांना तोंड देणारी ही चार पायांची बँक आहे. आणि ही बँक बुडाली तर ठेवीदाराला विचारणारा कोणी नाही.

आता थोडे मागे वळून पाहू. जनावराशी आपला संबंध या समाजव्यवस्थेने कसा ठरवला होता? जनावर जिवंत असेपर्यंत ते पाटलाचे, देशमुखाचे. त्याचे दूध, त्याचा नांगर, त्याचा पोळा सारे त्यांचे. ते मेले की आपले! ते ओढून न्यायचे, सोलायचे आणि पोटाला दुसरे काही नाही म्हणून खायचेही. माझ्या आजोबांच्या खांद्यावर त्या ओढण्याचा दोर होता. ते सांगत, की बैल आजारी असताना त्याच्या अंगाला हात लावला तर तो बाटत असे. मेल्यावर मात्र हात लावायला आम्हीच लागत होतो.

२० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, लाचारीची कामे सोडा, असे कळकळीने सांगितले होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी हा विषय काढला. मेलेली ढोरे ओढणे सोडले तर तुमचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांनी तेथे खणखणीत उत्तर दिले. एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या, असा त्याचा मथितार्थ होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले आणि उपाशी राहून दोर फेकून दिला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना भररस्त्यात मारले गेले. तेव्हा तिथल्या बांधवांनीही मेलेली जनावरे उचलण्यास नकार दिला. जी वाट महाडने दाखवली, ती नव्वद वर्षांनीही खरी ठरली.

परंतु बंधूंनो, दोर फेकणे हा अर्धा लढा होता. मेलेल्या जनावराची सक्ती आपण नाकारली. जिवंत जनावराचा हक्क मात्र आपण अजून पुरता मागितलेला नाही. जिवंत जनावर पाळावे, ते निरोगी असावे, आजारी पडले तर डॉक्टर आपल्या दारात यावा, हा हक्क आहे. तो कोणाच्या मेहरबानीचा विषय नाही.

ही मागणी परकी तर मुळीच नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या, रस्त्याच्या कडेला विहिरी खोदल्या, झाडे लावली, हेही त्यात आहे. गिरनारच्या खडकावर हा लेख आजही वाचता येतो. ज्याच्या राजमुद्रेचे सिंह आपल्या नोटांवर आहेत, त्या बौद्ध राजाने पशूंच्या औषधोपचाराला राज्याचे कर्तव्य मानले होते. पुढे महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगल खात्याने गावची चराऊ राने गिळली आणि गरिबाच्या गुराढोरांना उभे राहायला जागा ठेवली नाही, याबद्दल सरकारला धारेवर धरले होते. बुद्धाची करुणा, अशोकाचे राज्य आणि जोतीरावांचा असूड या तिन्हींत गरिबाचे जनावर आहे. आपल्याच कार्यक्रमपत्रिकेत ते का नसावे?

आज राज्यकर्त्यांच्या तोंडी पशुप्रेम पुष्कळ आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढवला गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा दिला गेला. चांगले आहे! पण ज्या आईला दर्जा मिळाला तिलाही २०२२ मध्ये लम्पी झाला, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यासह किती गावांत शेतकरी डोक्याला हात लावून बसले होते, ते आपण पाहिले आहे. घोषणेने जनावर बरे होत नाही. त्याला लस लागते, डॉक्टर लागतो, आणि तो वेळेवर लागतो. गाईची ही कथा, तर बकरीची काय सांगावी? तिच्या नावाने मतेही मिळत नाहीत. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण उगीच पडलेली नाही.

दुसरीकडे मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे पाळीव प्राण्यांचे पाच मजली रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याचा मत्सर करण्याचे कारण नाही. मुक्या जिवाला उपचार मिळत असतील तर ते स्वागतार्हच आहे. याच मुंबईत परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे आणि मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही १८८६ सालचे आहे. विदर्भात नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये निघाले, २००० मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञानाचे विद्यापीठ झाले, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. म्हणजे विद्या आहे, डॉक्टर तयार होत आहेत. प्रश्न एवढाच आहे, की त्या विद्येची वाट महालक्ष्मीपर्यंत जाते, तशी रोहिणखेडच्या वस्तीपर्यंत का येत नाही?

याची कारणे रोजच्या व्यवहारात दडलेली आहेत. सरकारी दवाखान्यांचे जाळे खेड्यापाड्यांत आहे, पण त्याची घडण दुधाच्या जनावराभोवती झाली. संकरित गाय, म्हैस, कृत्रिम रेतन हे त्याचे मुख्य काम. दवाखाना उघडतो तेव्हा आपली बाई निंदायला गेलेली असते. ती परत येते तेव्हा दवाखाना बंद झालेला असतो. आजारी बकरी कोसभर चालू शकत नाही आणि तिला रिक्षात घालून नेण्याइतके पैसे नसतात. खासगी डॉक्टरला बोलवावे तर येण्या-जाण्याचे पेट्रोल, तपासणी आणि औषध मिळून होणारा खर्च एका बकरीला परवडत नाही. मग उरतो तो गावातला अर्धवट माहितगार. तो प्रत्येक रोगावर एकच सुई टोचतो. गाभण बकरीला स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन तिचा गाभ पाडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

सरकारी योजनेचेही तेच. अनुसूचित जातींच्या लाभार्थ्यांना ७५ टक्के अनुदानावर दहा शेळ्या आणि एक बोकड देण्याची योजना आहे. योजना चांगली आहे, ती घेतलीच पाहिजे. पण दूरच्या बाजारातून आणलेला कळप प्रवासाने थकलेला असतो. वेगवेगळ्या कळपांतले जनावर एकत्र येते. त्यात एकाला पीपीआर असला की ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि मग न्यूमोनिया, अशी साथ सगळ्या कळपात पसरते. महिनाभरात गोठा रिकामा. मग गावात बोलणारे बोलतात, "यांना दिले तरी यांना टिकवता येत नाही!" टिकवण्यासाठी लागणारी लस आणि डॉक्टर आपण दिले का, हे कोणी विचारत नाही. विम्याचे पैसे मिळतील म्हणावे तर कानातला बिल्ला हवा, मेल्यावर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन होऊन दाखला हवा. हे कोणी सांगितलेलेच नसते. शव पुरले जाते आणि त्याबरोबर दावाही पुरला जातो. म्हणून लक्षात ठेवा, विमा असेल तर जनावर मरताच आधी दवाखान्यात कळवा, बिल्ला कानातच राहू द्या, आणि पंचनाम्याशिवाय शव हलवू नका.

आता उपायाकडे येतो. पीपीआरची लस कोरड्या भुकटीच्या रूपात छोट्या कुपीत येते. एका कुपीत पन्नास किंवा शंभर मात्रा असतात. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की काही तासांत संपवावी लागते. उरलेली फेकून द्यायची. आता विचार करा, दोन बकऱ्यांची मालकीण एकटी दवाखान्यात गेली तर तिच्यासाठी शंभर मात्रांची कुपी कोण फोडणार? पण वस्तीतल्या तीस घरांनी मिळून सांगितले, की अमुक दिवशी सकाळी सात वाजता आमच्या ऐंशी बकऱ्या विहारासमोर उभ्या राहतील, तर तीच कुपी निघते, तोच डॉक्टर येतो, आणि खर्च तीस घरांत वाटला जाऊन नगण्य होतो. पीपीआरची लस तर शासकीय कार्यक्रमात मोफत आहे, आणि चार महिन्यांवरच्या पिल्लाला एकदा दिली की सुमारे तीन वर्षे संरक्षण देते.

बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितले ते केवळ मोर्च्यासाठी नव्हे. लसीची कुपीसुद्धा एकट्यासाठी फुटत नाही, संघटित वस्तीसाठी फुटते! स्वस्त उपचार म्हणजे डॉक्टरने केलेले दान नव्हे. एका फेरीत ऐंशी जनावरे मिळाली तर डॉक्टरलाही ते परवडते आणि मालकिणीलाही.

त्या बाईच्या बकऱ्या गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही नेमके हेच केले. वैशाख पौर्णिमेच्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी, सकाळी बकऱ्या विहाराच्या पटांगणात जमल्या. पोरांनी बकऱ्या धरल्या, बायकांनी रांग लावली, मी आंत्रविषाराची लस टोचत गेलो आणि नोंदवही लिहायला एक मुलगी बसली. तीच मुलगी, जिची फी गेली होती. तिने एक वर्ष उशिरा प्रवेश घेतला होता. मृग लागण्यापूर्वी दुसरी मात्रा झाली. त्या पावसाळ्यात वस्तीत आंत्रविषाराने एकही बकरी मेली नाही.

हे कुठल्याही वस्तीला करता येईल. आपल्या पंचांगात आधीच तारखा आहेत. बुद्धजयंतीच्या आठवड्यात आंत्रविषाराची लस आणि जंतनाशक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, पावसाळा सरताना, पुन्हा जंतनाशक आणि पीपीआरची राहिलेली जनावरे. कोंबड्यांना मानमोडी म्हणजे राणीखेत होतो, त्याची लस पहिल्या आठवड्यातच पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकून देता येते. त्यासाठी सुईही लागत नाही. विहाराच्या कपाटात ग्रंथांशेजारी एक नोंदवही ठेवा. कोणाकडे किती जनावरे, कोणती लस कधी दिली, कोणते जनावर कशाने गेले, हे लिहा. पुढच्या वर्षी पंचायत समितीत मागणी करताना तीच नोंदवही तुमचा पुरावा असेल. आणीबाणीत १९६२ या क्रमांकावर फोन करा; फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो क्रमांक आहे. आपल्या वस्तीतून फोन गेलेच नाहीत तर तिथे गरज नाही, असाच अर्थ लावला जाईल.

दुसरे काम मुलींचे. पुण्यात डॉ. नित्या घोटगे आणि इतर महिला पशुवैद्यकांनी उभ्या केलेल्या ‘अंतरा’ या संस्थेने १९९० च्या दशकापासून खेड्यातल्या बायकांना जनावरांच्या प्राथमिक उपचाराचे शिक्षण दिले. साताऱ्यात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनासाठी तयार केले. बचतगटांच्या कार्यक्रमांतून पशुसखी पुढे आल्या. जंत पाडणे, जखम बांधणे, पोटफुगीत वेळ न दवडता डॉक्टरला कळवणे, लसीचा दिवस ठरवणे ही कामे दहावी झालेली मुलगी उत्तम करते. मात्र पशुसखी ही डॉक्टरच्या जागी नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली आहे. कायदाही तेच सांगतो आणि जनावराच्या हिताचेही तेच आहे. गरिबाला अर्धा डॉक्टर चालतो, हा विचार आपणच मोडून काढला पाहिजे.

तिसरी गोष्ट वस्तीतल्या कुत्र्यांची. त्यांना मालक नसतो, पण ती आपल्याच पोरांबरोबर वाढतात आणि रात्री आपलीच घरे राखतात. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही, इतका तो भयंकर आहे. त्याचे बळी बहुधा गरिबांची लेकरे असतात. कुत्रा मारून रेबीज जात नाही. दहांपैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस दिली तर तो आटोक्यात येतो, हे जगभर सिद्ध झाले आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे, त्या दिवशी वस्तीतल्या कुत्र्यांना लस टोचून घ्या. आणि कुत्रा चावलाच तर हळद, चुना, मिरची, मांत्रिक हे सारे बाजूला ठेवा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनांचा पूर्ण क्रम सुरू करा. भगवान बुद्धांनी कारणाशिवाय काही घडत नाही असे शिकवले, त्याचा हा रोजच्या जगण्यातला अर्थ आहे.

काही तरुण मित्र मला विचारतात, "सर, बाबासाहेबांनी खेडे सोडा सांगितले आणि तुम्ही आम्हाला पुन्हा बकऱ्यांमागे लावता?" प्रश्न रास्त आहे. मी कोणाच्याही लेकराच्या हाती कायमची काठी देऊ इच्छित नाही. बकरी हे आपले भवितव्य नव्हे. पण ज्या घरात आज दुसरी शिडी नाही, तिथे लेकीला कॉलेजपर्यंत चढवणारी शिडी तीच आहे. ती शिडी एका चहाच्या पैशाअभावी मोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना, विशेषतः आरक्षणाच्या आणि शिष्यवृत्तीच्या बळावर पशुवैद्यक झालेल्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती. महिन्यातला एक रविवार आपल्या गावच्या वस्तीला द्या. फुकट करू नका, फुकटाची किंमत राहत नाही. औषधाचे पैसे घ्या, पण वस्ती गोळा करून घ्या. शेणामुताचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. आपल्या आजोबांनी मेलेल्या जनावराचा वास पिढ्यान्पिढ्या सोसला, तेव्हा कुठे आज आपला हात जिवंत जनावराच्या नाडीवर आहे.

येत्या वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाली की कोणीतरी उभे राहून एवढेच विचारा, "कोणाकडे किती बकऱ्या?" आणि नोंदवही उघडा. जयभीम!